दोन अंश तिरकी

मी करवत बोलतेय. सुताराची नव्हे, लोखंड कापणारी. माझ्यात दोन चाकं आहेत, त्यांवरून दातेरी ब्लेड पट्ट्यासारखं गोल फिरतं आणि सावकाश खाली येत पाइप, सळ्या, अँगल कापतं. दुकानाच्या पावतीवर माझं नाव ‘बँडसॉ’ असं आहे. कित्वे शहरातल्या वुसाकिले वस्तीत मात्र मला दोन नावं आहेत. काम नीट झालं की मी ‘चिपाशांची मशीन’ असते, आणि बिघडलं की ‘ती चिनी मशीन’. एवढ्या लहान वयात दोन देशांचं नागरिकत्व मिळालेली मी या गल्लीतली एकटीच.

माझा जन्म कारखान्यात झाला. आम्ही दिवसाला ऐंशी बहिणी जन्मायचो. ओतकाम पुरतं निवायच्या आत कुणीतरी माझ्या अंगावर हिरवा रंग फासला, खाली चिकटलेल्या वाळूच्या कणांसकट. मग एका तपासनिसानं माझ्या छातीवर ‘तपासले’ अशी चिठ्ठी लावली. तो त्या वेळी संत्रं सोलत होता आणि त्याचं सगळं लक्ष संत्र्यावर होतं, याची मी साक्षीदार आहे. नंतर वंगण, प्लास्टिक, लाकडी खोका आणि समुद्र. खोक्यावर बाण काढून ‘ही बाजू वर’ असं लिहिलेलं होतं, म्हणून दार-एस-सलामपासून कित्वेपर्यंत ट्रकमध्ये मला उलटं ठेवलं.

दुकानात मी सात महिने उभी होते. एका बाजूला जनरेटर, दुसऱ्या बाजूला मका दळायच्या चक्क्या. त्यांना गिऱ्हाईक रोज यायचं. माझ्याकडे येणारे बहुतेक जण पावसातून आडोशाला आलेले असत.

लामेक चिपाशा पहिल्यांदा आले ते एका शनिवारी. तांब्याच्या खाणीत एकतीस वर्षं फिटर, निवृत्त होऊन दोन वर्षं झालेली, उजवा खांदा कामातून गेलेला. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये ते दारं, गेटं, खिडक्यांच्या जाळ्या बनवायचे. सगळं लोखंड हॅक्सॉनं, म्हणजे हातकरवतीनं कापायचे. दवाखान्यात सांगितलं होतं की हे घासणं बंद करा. त्यांनी ते मनावर घेतलं आणि डाव्या हातानं घासायला लागले.

त्या शनिवारी त्यांनी माझ्या व्हाइसचा दांडा फिरवून पाहिला. व्हाइस म्हणजे पाइप घट्ट धरून ठेवणारा माझा जबडा. मग एका बोटानं पुली फिरवली, स्टँडवर टकटक केलं आणि निघून गेले. पुढच्या शनिवारी पुन्हा तेच. चौथ्या शनिवारी काउंटरवरच्या बाईला राहवलं नाही.

“काका, मुलगी तयार आहे. तुम्ही तारीख तेवढी काढा.”

“स्टँडचा पत्रा पातळ आहे,” चिपाशा म्हणाले.

“मग स्टँड कापू नका. वर ठेवलेलं कापा.”

“आणि ब्लेड तुटलं तर?”

“तर दुसरं घ्यायला या. आम्ही इथंच आहोत, कुठं पळून जातोय.”

त्या दिवशी मी हातगाडीवरून त्यांच्या घरी गेले. त्यांची बायको एस्नार्ट अंगणात मक्याचं पीठ चाळत होती. निवृत्तीच्या पैशातून फ्रीजर घ्यायचा आणि दारातच गारठवलेले मासे विकायचे, असा तिचा बेत होता. वर्षभर त्यावर घरात चर्चा झाली होती. तिनं हातगाडीकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे.

“बरं केलंत,” ती म्हणाली. “आता लोखंडाचे मासे विकू. नासायची भीती नाही.”

“खांद्याचं काय म्हणत होता डॉक्टर, ऐकलंस ना साम्पाची आई.”

“ऐकलं. विश्रांती घ्या म्हणत होता. ही विश्रांती तीन माणसांनी उचलून आत न्यावी लागतेय.”

साम्पा म्हणजे त्यांची थोरली मुलगी, लग्न होऊन लुसाकाला असते. तिच्या नावानंच ही दोघं एकमेकांना हाक मारतात. भांडताना तर जास्तच मारतात.

माझ्यासोबत एक माहितीपुस्तिका आली होती. तिच्यात अकराव्या पानावर लिहिलं होतं, वापरण्यापूर्वी व्हाइस ब्लेडशी काटकोनात आहे याची खात्री करावी. भाषा मोडकी होती, पण अर्थ धडधाकट होता. चिपाशांनी पुस्तिका हातात घेतली, वजन करावं तशी वरखाली केली आणि म्हणाले, “एकतीस वर्षं मी खाणीतले पंप जोडलेत.” मग ती एस्नार्टकडे दिली. अकराव्या पानात तिनं भाजलेले शेंगदाणे बांधून शेजारी पाठवले. माझ्याविषयीचं ज्ञान असं वस्तीभर पसरलं.

व्हाइस त्यांनी नजरेनं बसवला. एक डोळा मिटला, मान कलती केली, “हं” म्हणाले आणि दोन्ही बोल्ट आवळले. अनुभवी माणसाचं “हं” मोठं जड असतं. त्याच्या खाली काय काय दडपलं जातं, ते मला पुढं कळलं.

पहिला काप बघायला अर्धी गल्ली जमली. त्या आठवड्यात वीज सकाळी दहा ते एक असायची, म्हणून लोक कामधंदा सोडून दहालाच हजर. चौकोनी पाइप व्हाइसमध्ये आवळला, बटण दाबलं, मी खाली खाली येत गेले, आणि तुकडा पडला तशी आपोआप बंद झाले. काम संपलं की गप्प व्हायची ही सोय माझ्यात आहे. जमलेल्या मंडळींत ती नव्हती. ते आणखी तासभर बोलत होते.

त्यांच्यात सिंकाला होता. टिमथी सिंकाला, चिपाशांचा खाणीतला सोबती, चार घरं सोडून राहणारा. तो फार बोलत नाही. त्यानं पडलेला तुकडा उचलला, खिशातून काटकोन तपासायचा गुण्या काढला, कापलेल्या तोंडाला लावला आणि आकाशाकडे धरला.

“लामेक, मधून उजेड दिसतोय.”

“किती?”

“दोनेक अंश असेल. व्हाइस तिरका बसलाय.”

चिपाशांनीही तो तुकडा वर धरून पाहिला. उजेड त्यांनाही दिसला. मी समोर होते, मला त्यांचा चेहरा दिसत होता. पण अर्धी गल्ली बघत होती.

“वेल्डिंगमध्ये भरून निघेल,” ते म्हणाले.

आणि खरंच, भरून निघायचं. गेटं, जाळ्या, कोंबड्यांची खुराडी. जिथं फट पडे तिथं वेल्डिंगचा जाड थर, त्यावर ग्राइंडर, त्यावर काळा रंग. गेट दोन अंशांनी रुसलं तर कुणाला कळतं? लोक म्हणायचे, जमीन खचली असेल. वुसाकिलेची जमीन बिचारी खाणीमुळे आधीच बदनाम, तिनं हाही आरोप सोसला.

माझे ते दिवस कौतुकाचे होते. शेडमध्ये येणारा प्रत्येक जण “एवढंसंच कापायचंय” म्हणून यायचा. कुणी पलंगाचा पाय आणला, कुणी सायकलचं हँडल. एकानं गोठलेल्या बकरीची मांडी आणली. तिला चिपाशांनी नकार दिला, पण थोडा विचार करून. पातळ नळीवर जाड दातांचं ब्लेड चालवू नये, दात उडतात, हे बारावं पान. ते कुणाच्या शेंगदाण्यांबरोबर गेलं, ठाऊक नाही. माझे पाच दात त्या पानापायी गेले.

तरी सांगते, माणूस वाईट नव्हता. रोज संध्याकाळी ते माझ्यावरचा भुगा ब्रशनं झाडायचे, व्हाइसच्या स्क्रूला तेल द्यायचे. खांदा दुखायचा थांबला होता आणि जेवताना न्शिमाचा, म्हणजे मक्याच्या घट्ट उकडीचा, गोळा पुन्हा उजव्या हातानं वळता येत होता. एस्नार्टनं ते पाहिलं आणि फ्रीजरचा विषय काढायची थांबली. ती चूक सुधारायला त्यांना कुणी भाग पाडलं नाही, एवढंच झालं.

मग एका रविवारी चर्चमध्ये अगाथा कतोंगोची गोष्ट निघाली.

अगाथा शिंपीण. लहानपणी पोलिओनं दोन्ही पाय गेलेले. चिसोकोने नावाच्या बाजारात तिचा गाळा, तिथं ती हातानं फिरवायच्या मशीनवर बायकांचे चितेंगेचे, म्हणजे रंगीत छापील कापडाचे, झगे शिवायची. घरापासून बाजारापर्यंत रोज हातानं पेडल मारायच्या तीनचाकीवरून जायची. ती तीनचाकी कुठल्याशा संस्थेनं बारा वर्षांपूर्वी दिलेली, पाच ठिकाणी जोडलेली, आणि त्या आठवड्यात ती मधोमध मोडली होती. पाळक म्हणाले, मंडळींनी वर्गणीचा विचार करावा. मंडळी विचार करायला लागली. तेवढ्यात चिपाशा उभे राहिले.

“वर्गणी कशाला? माझ्याकडे मशीन आहे. नवी करून देतो.”

कुणी त्यांना विचारलं नव्हतं. पण टाळ्या पडल्या, आणि घरी आल्यावर त्यांनी हे मला अशा थाटात सांगितलं की जणू टाळ्या मलाच होत्या.

अगाथाला भावाच्या टॅक्सीतून मापासाठी आणलं. ती अंगणात खुर्चीवर बसली, वय चाळिशीच्या आतबाहेर, दंड असे की वेल्डरला लाजवतील.

“काका, टेप काढा की. नुसतं बघताय काय?”

“नजरेत बसलं माप.”

“माझ्या गाळ्यावर एक बाई येते, तीही असंच म्हणते. मग झगा अडकतो आणि दोष सुईला.”

चिपाशा हसले आणि टेप काढला. त्या दिवसापुरता.

सांगाडा कापायला दोन दिवस लागले, कारण वीज दोन दिवस तीन-तीन तासच होती. सिंकाला पाइपांची दुसरी टोकं धरून उभा असायचा. पुढच्या चाकाचा दांडा ज्या उभ्या नळीत फिरतो, तिला आधार देणारा तुकडा कापून झाला तेव्हा त्यानं पुन्हा गुण्या लावला.

“लामेक, हे गेट नाही. यावर बाई बसणार आहे.”

“तुझ्या गुण्यालाच गंज चढलाय.”

“व्हाइस सैल करून परत बसव. दहा मिनिटांचं काम आहे.”

“एकला वीज जाईल. कापून तर घेऊ. वेल्डिंगमध्ये…”

“भरून निघेल,” सिंकालानं वाक्य पुरं केलं आणि गुण्या खिशात ठेवला. तो आणखी बोलला असता तर बरं झालं असतं. पण तीसेक वर्षांच्या मैत्रीत माणसं एकमेकांना फार सांभाळून घेतात. मी तर यंत्र. जसं धराल तसं कापते, मला कुणी विचारत नाही आणि मी सांगत नाही.

गाडी झाली मात्र देखणी. निळा रंग, मागं कापडाचे गठ्ठे ठेवायला पेटी. पाळकांनी चर्चच्या आवारात तिच्यावर हात ठेवून प्रार्थना केली. अगाथानं एक फेरी मारली आणि थांबली.

“डावीकडे ओढतेय.”

“नवी आहे,” चिपाशा म्हणाले. “हाताला सवय होईल.”

“तिला की मला?”

लोक हसले. तीही हसली. दान घेणाऱ्यानं फार चौकशी करायची नसते, हे तिला लहानपणापासून शिकवलेलं होतं.

अडीच आठवडे तिनं ती गाडी हातांनी उजवीकडे रेटत चालवली. मग एका बुधवारी, बाजाराच्या रस्त्याला जो उतार लागतो तिथं, समोरून मिनीबस आली. अगाथानं ब्रेक दाबायला एक हात सोडला आणि गाडीनं आपला स्वभाव दाखवला. डावीकडे सिमेंटचं खोल गटार होतं. गाडी, कापडाचे गठ्ठे आणि अगाथा, सगळं आत.

बातमी सिंकालानं आणली. दुपारची वेळ होती, चिपाशा माझ्यावर अँगल कापत होते. त्यानं स्वतःच माझं बटण बंद केलं आणि काय घडलं ते सांगितलं.

“गाडी कशी आहे?” चिपाशांनी विचारलं.

सिंकाला त्यांच्याकडे बघत राहिला. “बाई कशी आहे, हे विचार.”

बाईचं उजवं मनगट दोन ठिकाणी मोडलं होतं. शिंपिणीचं उजवं मनगट.

चिपाशा इस्पितळात गेले. तिथल्या बाकावर बसून त्यांनी अगाथाच्या भावाला सांगितलं की मशीन खराब निघाली, कापात खोट होती, बाहेरून दिसत नव्हती. पाळकांना तेच सांगितलं. रविवारी पाळकांनी अगाथाच्या हातासाठी प्रार्थना केली आणि मंडळींना स्वस्त यंत्रांच्या मोहापासून जपायला सांगितलं. चर्चमधल्या प्रार्थनेत जागा मिळालेली मी बहुधा पहिलीच करवत. गल्लीत येताजाता लोक शेडच्या दाराशी थांबून माझ्याकडे बोट दाखवायचे. हीच ती. जी मंडळी पहिल्या कापाला टाळ्या वाजवून गेली होती, त्यांना आता आठवायला लागलं की त्यांना तेव्हाच शंका आली होती.

चिपाशांनी माझ्यावर एक जुनं चितेंगे टाकलं. गेल्या निवडणुकीत फुकट वाटलेलं, हरलेल्या उमेदवाराच्या हसऱ्या चेहऱ्याचं. सात आठवडे आम्ही दोघं एकमेकांची समजूत काढत उभे होतो.

ते शेडमध्ये यायचे, पण काम करायचे नाहीत. स्टुलावर बसायचे. सिंकाला यायचा बंद झाला होता. आलेली कामं ते परत पाठवायचे. एस्नार्ट जेवणाचं ताट आत आणून ठेवायची आणि तासाभरानं कापेंटा मासे तसेच, न्शिमावर साय धरलेली, असं ते परत न्यायची. एकदा ती ताट उचलून तिथंच उभी राहिली.

“साम्पाचे बाबा, एक विचारू?”

“विचार.”

“आपला रेडिओ बिघडला तेव्हा तुम्ही तो तीन दिवस खोलून बसला होता. शेजाऱ्यांचा पंप बिघडला, तर तुम्ही त्यांच्या लग्नात जेवायला न बसता पंपापाशी बसला होता. ही मशीन खराब असती तर आत्तापर्यंत हिचा खिळा न खिळा जमिनीवर पसरला असता. तुम्ही नुसतं कापड टाकलंत.”

त्यांनी कापडाची कड ओढून नीट केली. ती ताट घेऊन निघून गेली. मला कधी नव्हे ते वाटलं, बाईला पुस्तिका नुसती शेंगदाण्यांसाठी द्यायला नको होती.

त्यानंतर चार दिवसांनी अगाथा आली. भावानं तिला टॅक्सीतून उचलून शेडमध्ये खुर्चीवर बसवलं. हाताला प्लास्टर, दुसऱ्या हातात पिशवी.

चिपाशा उठून उभे राहिले. “अगाथा, मी येणारच होतो. माझ्याकडून…”

“माफी ऐकायला मी आले नाही आणि द्यायलाही नाही. मला गाडी हवी. मी दोन महिने घरात बसलेय, गाळा दुसरीला देतील.” तिनं माझ्याकडे मान वळवली. “ही का ती खराब मशीन? दाखवा कशी कापते.”

उमेदवाराचा चेहरा दूर झाला. वीज होती. चिपाशांनी चौकोनी पाइप लावला आणि एकापाठोपाठ दोन काप घेतले. मधला छोटा तुकडा अगाथानं मागून घेतला, मांडीवर ठेवला, आणि उरलेल्या पाइपाच्या कापलेल्या तोंडाशी त्याचं तोंड जुळवून धरलं. नीट जुळलं. मग तिनं तुकडा अर्धा वळसा फिरवला आणि पुन्हा जुळवला. या वेळी एका बाजूनं फट पडली, तिच्या करंगळीचं नख आत जाईल एवढी.

“कापड तपासतो आम्ही असं,” ती म्हणाली. “दोन तुकडे एकमेकांवर उलटे घालून. तिरकं कापलेलं कापड शिलाईत भरून निघत नाही, काका. घातल्यावर ते अंगाला ओढतं.” तिनं तुकडा पुढं केला. “दोन्ही काप सारखेच तिरके आहेत. मशीन बिघडली असती तर कधी इकडे गेली असती, कधी तिकडे. ही तर सांगितलेलं ऐकतेय.”

एस्नार्ट दारात येऊन उभी होती.

“तुम्हाला हे माझी गाडी बनवताना दिसलं होतं का?” अगाथानं विचारलं.

चिपाशांनी तुकडा घेतला. तो त्यांनी उजव्या हातातून डाव्या हातात घेतला, पुन्हा उजव्या. मला वाटलं, आता खाणीतली एकतीस वर्षं येणार, मग कारखाना, मग वीज. मी बरंच ऐकलेलं होतं.

“दिसलं होतं,” ते म्हणाले. “पहिल्याच दिवशी दिसलं होतं. सिंकालानंही दाखवलं, दोनदा.”

“मग?”

“लोक बघत होते.”

अगाथाचा भाऊ एक पाऊल पुढं आला, तशी तिनं प्लास्टरचा हात आडवा केला. मग म्हणाली, “बरं. आता कुणी बघत नाहीये. सरळ करा.”

चिपाशांनी एस्नार्टला सिंकालाकडे पाठवलं. तो आला, चिपाशांकडे न बघता त्यानं खिशातून गुण्या काढून दिला. चिपाशांनी व्हाइसचे दोन बोल्ट सैल केले. गुण्याची एक बाजू जबड्याला, दुसरी माझ्या ब्लेडला लावली. हातोडीच्या दांड्यानं जबड्याला हलकेच दोन टिचक्या. बोल्ट आवळले. पुन्हा तपासलं. मी आत मोजत होते: नऊ मिनिटं. सिंकालाचा अंदाज एका मिनिटानं चुकला होता.

काप आला तो असा की दोन तुकडे कसेही फिरवले तरी मध्ये कागद शिरू नये. मला स्वतःलाच जरा लाजल्यासारखं झालं. एवढं चांगलं कापता येतं, हे मलाही ठाऊक नव्हतं.

आणि इथं एक गंमत झाली. माझा स्टँड फार बुटका आहे. ज्यानं तो आखला, त्यानं उभा माणूस बहुधा पाहिलाच नसावा. चिपाशांना माझ्यापुढं कमरेत वाकून काम करावं लागायचं आणि संध्याकाळी पाठीला हात लावून सरळ व्हावं लागायचं. पण खुर्चीत बसलेल्या अगाथाच्या मी बरोबर छातीशी येत होते. तिनं डाव्या हातानं माझं डोकं उचललं, खाली सोडलं, पुन्हा उचललं.

“हे तर माझ्याच मापाचं आहे,” ती म्हणाली. “माझ्या गाडीचे पाइप मी कापणार. तुम्ही खुणा करून द्या. टेपनं.”

नव्या सांगाड्याचा प्रत्येक काप तिनं डाव्या हातानं घेतला आणि प्रत्येक तुकडा दुसऱ्याशी फिरवून पाहिला. तीन तुकडे तिनं भंगारात टाकले. चिपाशांना त्यात काही खोट दिसत नव्हती, पण त्यांनी टेप काढून नव्या खुणा करून दिल्या.

गाडी पुरी व्हायच्या आदल्या रविवारी ते चर्चमध्ये उभे राहणार होते. पाळकांनी त्यांना आधीच बाजूला घेतलं, हे सिंकालानं नंतर शेडमध्ये सांगितलं. पाळक म्हणाले, लामेक, ही गोष्ट तुमच्या आणि देवाच्या मध्ये राहिली तर काय बिघडलं, देवाला सगळं माहीतच आहे. चिपाशा म्हणाले, देव तीनचाकी चालवत नाही, चालवणाऱ्यांना माहीत हवं. मग त्यांनी उभं राहून सांगितलं: मशीन चांगली आहे, माझी नजर वाकडी होती, आणि मी खोटं बोललो. या वेळी टाळ्या पडल्या नाहीत. दोन गेटवाले मात्र उपासनेनंतर लगेच भेटले आणि आपली गेटं बदलून मागितली. कबुली ऐकताना लोक फार लक्ष देऊन ऐकतात.

चर्चमध्ये माझं नाव स्वच्छ झालं म्हणे. माझी माफी कुणी मागितली नाही. चितेंगे तेवढं काढून एस्नार्टनं फरशी पुसायला घेतलं.

सगळं काही नीट झालं, असं सांगायला मला आवडलं असतं. पण अगाथाचं मनगट वाकडं जुळलं. जाड कापडाची कात्री तिला आता अर्ध्या तासावर धरवत नाही आणि शिवणयंत्राचं चाक फिरवताना हात भरून येतो. गाळा तिनं पुतणीला दिला. ती आठवड्यातून तीन दिवस आमच्या शेडमध्ये येते, बसून कापते. चिपाशा वेल्डिंग करतात, सिंकाला गुण्या धरून मान हलवतो. गेटं अजून होतात, पण जास्त करून तीनचाक्याच होतात. पायांनी अधू माणसं मुफुलिरापासून येतात आणि ‘ती कापणारी बाई’ कुठाय म्हणून विचारतात. चिपाशांना विचारतात. ते तिच्याकडे बोट दाखवतात आणि दोन मिनिटं ग्राइंडर जरा जास्तच मोठ्यानं चालवतात.

अगाथा त्यांना काका म्हणते, त्यांच्या हातचा चहा पिते, त्यांच्या चुका काढते. तिनं माफ केलं की नाही, हे मला विचारू नका. तिनं ते त्यांनाही सांगितलेलं नाही, आणि त्यांनीही कधी विचारलं नाही.

एक रिवाज मात्र पडलाय. कुठलीही तीनचाकी तयार झाली की गिऱ्हाइकाच्या हाती द्यायच्या आधी चिपाशा स्वतः तिच्यात बसतात. चौसष्ट वर्षांचा, चर्चच्या कमिटीतला माणूस, गुडघे छातीशी घेऊन, खांदा करकरत हातांनी पेडल मारत बाजाराच्या रस्त्यानं जातो. पोरं मागं धावतात, बायका हसतात, मिनीबसवाले हॉर्न देतात. त्या उतारावर पोचले की ते दोन्ही हात सोडतात आणि मांडीवर ठेवतात. गाडी गटारापासून चार हात अंतर राखून सरळ खाली गेली, तर पास. डावीकडे तसूभर वळली तरी सगळा सांगाडा परत कापायचा. आत्तापर्यंत एकदाच वळली. त्या वेळी ते गटारात पडले, गुडघा फोडून घेतला, आणि एस्नार्ट म्हणते की घरी आले ते चक्क शीळ घालत.

मला हे बघायला मिळत नाही. मी शेडमध्ये असते, उतार फार लांब आहे. माझा हिरवा रंग उडालाय, खालची वाळू दिसायला लागलीय, मागच्या चाकाचं बेअरिंग आवाज करतंय आणि ते बदलायला हवं, असं गेले सहा महिने रोज कुणीतरी म्हणतं. तुमच्यापैकी कुणाला माझ्या एखाद्या बहिणीला घरी न्यायचं असेल, तर जरूर न्या. शेंगदाणे बांधायला दुसरा कागद शोधा, म्हणजे झालं.

आता बोलणं पुरे. अगाथानं पाइप आवळलाय आणि तिचा हात बटणाकडे निघालाय. जरा मागं सरका आणि बाह्या आवरून घ्या. मी सांगितलेलं सगळं ऐकते, पण हात कुठला आणि पाइप कुठला, हे मला अजून कुणी शिकवलेलं नाही.